वळणावर मुका होणारा हॉर्न

कोल्हापूरहून निघालेली गाडी गगनबावड्याला पोचली की रस्ता सह्याद्रीच्या कडेवर येतो आणि करूळ घाटानं वैभववाडीकडे उतरू लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथं धुकं असं उतरतं की पुढच्या वळणाचा कठडाही दिसत नाही. अशा वेळी चालकाला दिव्यांपेक्षा हॉर्नचा आधार जास्त असतो. धुक्यात दिव्याचा झोत पसरून विरतो. आवाज मात्र वळणाआडून पलीकडे पोचतो आणि खालून वर येणाऱ्या ट्रकला आपली चाहूल लागते. चाळीस-पन्नास वर्षांची एखादी फियाट अशा वळणाशी येते, चालक स्टिअरिंग फिरवता फिरवता हॉर्न दाबतो आणि काहीच होत नाही. वळण सरतं, चाक सरळ होतं, पुन्हा दाबलं की हॉर्न खणखणीत वाजतो.

घरी परतल्यावर गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते. मेस्त्री खिडकीतून हात घालून हॉर्न दाबतो, तो वाजतो. मालक घाटातली हकिकत सांगतो, मेस्त्री पुन्हा दाबतो, पुन्हा वाजतो. गाडी तशीच परत जाते. जुन्या गाड्यांच्या दोषांमध्ये हा दोष सगळ्यात फसवा म्हणावा लागेल. तपासायच्या जागी तो दिसत नाही आणि गरजेच्या जागी दगा देतो. त्याचं कारण मात्र अगदी साधं आहे. गाडी उभी असताना चाक बहुतेक वेळा सरळ असतं आणि घाटात ते क्वचितच सरळ असतं.

हॉर्नला वीज लागते आणि विजेला परतीची वाट लागते. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूजमधून, वायरीतून, हॉर्नच्या कॉइलमधून फिरून पुन्हा बॅटरीकडे आला तरच काम होतं. परतीसाठी वेगळी वायर ओढण्याऐवजी गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरतात, त्यालाच गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. ही फेरी जोडणारं किंवा तोडणारं बटन स्टिअरिंगच्या मधोमध असतं. गाडीतल्या इतर सगळ्या वायरी एका जागी बांधलेल्या असतात. हॉर्नच्या बटनाला मात्र डावीकडे दीड फेरा, उजवीकडे दीड फेरा असं चाकाबरोबर फिरावं लागतं. तिथं साधी वायर जोडली तर दोन-चार वळणांत ती पिळून तुटेल. फिरणाऱ्या वस्तूत वीज कशी न्यायची, हा प्रश्न हॉर्न चाकात आला त्या दिवसापासून मोटार बनवणाऱ्यांपुढे उभा आहे.

सुरुवातीला तो प्रश्नच नव्हता. पहिल्या मोटारींना रबरी फुग्याचा भोंगा असे. फुगा दाबला की हवा पितळी नळीतल्या पातळ पट्टीवरून जाई आणि पों आवाज निघे. महाराष्ट्रात एसटीच्या जुन्या गाड्यांतही चालकाच्या हाताशी असा फुगा असायचा. त्याला ना वायर, ना बॅटरी. रबर चिरलं की फुगा बदलायचा, एवढीच त्याची दुरुस्ती. १९०८ च्या सुमारास अमेरिकेत मिलर रीझ हचिसन यांचा ‘क्लॅक्सन’ बाजारात आला. त्यात विजेच्या मोटरनं दातेरी चाक फिरे आणि ते दाते पातळ पत्र्याच्या मधल्या रिव्हेटवर घासत जात. त्यातून निघणारा कर्कश ‘आऊगा’ जगभर ओळखीचा झाला. हेच हचिसन श्रवणयंत्राचेही संशोधक होते. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी झटलेल्या माणसानंच रस्त्यावरच्या माणसाला हमखास ऐकू जाईल असं यंत्र घडवलं. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला १९१५ पासून मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर, चालणारा हॉर्न मिळाला. इंजिनाचा वेग बदलला की त्याचा सूरही बदलायचा आणि इंजिन बंद असलं तर तो गप्प राहायचा. पुढं बॅटरी सगळ्याच गाड्यांत आली, हॉर्न बोनेटखाली गेला आणि बटन हळूहळू चाकाच्या केंद्रात येऊन बसलं.

कोल्हापुरात या सगळ्या काळाची खूण अजून दिसते. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा तिला पाहायला गर्दी लोटते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली, १९३० च्या दशकातली ही गाडी. जर्मनीतल्या फ्रीडरिक्सहाफेनची मेबॅक कंपनी मुळात झेपेलिन या अवाढव्य हवाई जहाजांची इंजिनं बनवण्यासाठी नावाजलेली. तिच्या मोटारी जगात मोजक्याच उरल्या आहेत. अशा गाडीचा सुटा भाग दुकानात मागून मिळत नाही. राजवाड्याच्या मोटारखान्यापासून गल्लीतल्या फियाटपर्यंत जुनी गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाला शेवटी एखाद्या चांगल्या मेस्त्रीचं दार गाठावं लागतं.

मेस्त्री हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, त्याचा अर्थ उस्ताद. कोल्हापुरात त्या शब्दाला विशेष वजन आहे. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. भारतात सिनेमाचा कॅमेरा विकत घेणं दुरापास्त होतं त्या काळात त्यांनी कोल्हापुरातच कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आणला. नाही मिळत तर लेथवर काढू, ही रीत या गावानं पुढं शिवाजी उद्यमनगरातल्या आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत जपली. चाकातला हॉर्न दुरुस्त करताना ही रीत कशी कामी येते, ते पुढं येईलच.

फिरत्या चाकात वीज नेण्याचे जुन्या गाड्यांत मुख्यतः तीन मार्ग दिसतात. सगळ्यात जास्त वापरला गेलेला मार्ग म्हणजे स्लिप रिंग. चाकाच्या मागच्या बाजूला, नाभीभोवती एक पितळी किंवा तांब्याची रिंग बसवलेली असते. ती चाकाबरोबर फिरते. स्टिअरिंग कॉलमच्या स्थिर भागात स्प्रिंगवर बसवलेली पितळी पिन किंवा कार्बनचा ब्रश असतो, तो रिंगला सतत टेकून राहतो. रिंग फिरत राहते, ब्रश जागेवर राहतो, जोडणी तुटत नाही. डायनामोत जे घडतं तेच इथं घडतं, फक्त फार सावकाश.

दुसरा मार्ग ब्रिटिश गाड्यांत दिसतो. पोकळ स्टिअरिंग शाफ्टच्या आतून एक बारीक नळी जाते आणि ती खाली स्टिअरिंग बॉक्सच्या टोकाला पक्की केलेली असते. चाक फिरतं, पण नळी आणि तिच्या टोकावरचं बटन फिरत नाही. वायर नळीतून खाली उतरते आणि बॉक्सच्या तळातून बाहेर पडते. ही रचना सुबक आहे, पण खालची पकड ढिली झाली की नळीही चाकाबरोबर थोडी थोडी फिरू लागते आणि आतली वायर पिळून तुटते. त्याच टोकातून बॉक्समधलं तेल झिरपायला लागलं तर हॉर्नची आणि तेलाची तक्रार बहुधा एकाच ठिकाणाहून आलेली असते.

तिसऱ्या मार्गात वायर एकच असते आणि परतीची वाट खुद्द स्टिअरिंग शाफ्टमधून जाते. बटन दाबलं की वायर शाफ्टला टेकते, शाफ्ट बॉक्सला, बॉक्स सांगाड्याला. अडचण अशी की कित्येक गाड्यांत शाफ्टच्या मध्ये रबरी किंवा कापडी चकती असते. रस्त्याचे धक्के हातापर्यंत येऊ नयेत म्हणून बसवलेली ही चकती विजेलाही अडवते. म्हणून कारखान्यात तिच्यावरून वायरीचा किंवा विणलेल्या तांब्याच्या पट्टीचा पूल टाकलेला असतो. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये असा पूल होता. वीस-तीस वर्षांत कुणीतरी चकती बदलतं, पूल परत जोडायचा राहून जातो आणि स्टिअरिंगमध्ये काहीच बिघडलेलं नसताना हॉर्न बंद पडतो. अशा गाडीचं चाक कितीही वेळा काढून घासलं तरी उपयोग होत नाही.

इथंच सर्वसाधारण चूक घडते. हॉर्न वाजत नाही म्हटल्यावर पहिला हात चाकाकडे जातो, कारण दाबायची जागा तीच. पण चाक काढणं हे सगळ्यात जास्त मेहनतीचं आणि सगळ्यात जास्त नुकसान करू शकणारं काम आहे. ते शेवटी करायचं. अनुभवी वायरमन आधी फेरीचे दोन तुकडे करतो आणि दोष कोणत्या तुकड्यात आहे ते ठरवतो.

त्याचं हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प, दोन वायरींना जोडलेला साधा १२ व्होल्टचा छोटा बल्ब. जुन्या गाड्यांसाठी तो मीटरइतकाच, काही बाबतींत मीटरपेक्षाही कामाचा ठरतो. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक सांगाड्याला जोडलेलं असे. मीटर अशा गाडीत उलटे आकडे दाखवून नवख्याला गोंधळात टाकतो, बल्बला मात्र प्लस-मायनसचा फरक पडत नाही. शिवाय मीटरला नावापुरतीच वीज पुरते, त्यामुळे एका तंतूवर लोंबकळणारी वायरही त्याला धडधाकट वाटते. बल्ब थोडं काम मागतो, त्यामुळे कच्ची जोडणी उघडी पडते. एक मात्र आधी बघून घ्यावं लागतं. बीटलसारख्या काही गाड्या बराच काळ ६ व्होल्टवर चालत होत्या, त्यांना १२ व्होल्टचा बल्ब मंदच दिसणार.

पहिली पायरी फ्यूजची. जुने फ्यूज काचेचे किंवा चिनी मातीचे असतात आणि ते उडालेले नसले तरी त्यांच्या टोकांवर गंज धरतो. फ्यूज नुसता काढून, टोकं पॉलिश पेपरनं घासून परत बसवला की हॉर्न सुरू झाला, असं नेहमी घडतं. दुसरी पायरी हॉर्नची स्वतःची. त्याच्या वायरी काढून बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या आणि तो वाजला, तर तो निर्दोष. नाही वाजला, तर चाकाकडे बघायची गरजच उरत नाही.

तिसरी पायरी निर्णायक आहे, पण ती करण्याआधी गाडीची जात ओळखावी लागते. बटन न दाबता टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला आणि दुसरं आळीपाळीनं हॉर्नच्या दोन्ही टोकांना लावून पाहायचं. दोन्ही टोकांवर बल्ब पेटला, तर हॉर्नला वीज कायम आहे आणि बटन फक्त परतीची वाट जोडतं. अशा गाडीत कॉलमच्या खाली बाहेर येणारी बटनाची वायर सोडवून क्षणभर बॉडीला टेकवावी. हॉर्न वाजला तर फ्यूज, वायरी, हॉर्न सगळं ठीक आहे आणि दोष नक्की चाकात किंवा कॉलममध्ये आहे. बल्ब कुठंच पेटला नाही, तर गाडीत बटनातून थेट वीज जात असेल किंवा मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर जड करंट जोडणारा स्विच, असेल. तिथं आराखडा पाहिल्याशिवाय कुठलीही वायर बॉडीला टेकवू नये. थेट विजेची वायर टेकवली तर फ्यूज जातो, फ्यूज नसेल तर वायर जळते.

रिले असेल तर कान उपयोगी पडतो. बटन दाबल्यावर बोनेटखाली ‘टक’ असा आवाज आला, म्हणजे चाकाकडून निघालेला हुकूम रिलेपर्यंत पोचला. बिघाड पुढं आहे, हॉर्नच्या बाजूला. ‘टक’ नाही, तर बिघाड मागं आहे. ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या रिलेवर सी-१, सी-२, डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ अशी अक्षरं असतात आणि नंतरच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे. डब्ल्यूची जोडी आणि ८५-८६ ही कॉइलची टोकं, उरलेली दोन जड करंटची. ब्रिटिश रंगपद्धतीत हॉर्नच्या वायरी जांभळ्या आणि जांभळ्यावर काळी रेघ असलेल्या असतात. मात्र पन्नास वर्षांच्या गाडीत रंगांवर भरवसा ठेवणं धोक्याचं. मध्ये कधीतरी कुणीतरी हाताला लागली ती वायर जोडलेली असते.

हॉर्नच्या अंगातही बघण्यासारखं पुष्कळ आहे. डब्यात एक विद्युतचुंबक, त्याच्यासमोर पोलादी पत्र्याचा पडदा आणि दोन कॉन्टॅक्ट पॉइंट असतात. वीज आली की चुंबक पडदा ओढतो. पडदा ओढला जाताच पॉइंट उघडतात आणि वीज तुटते. पडदा मागं येतो, पॉइंट पुन्हा मिटतात. हा खेळ सेकंदाला शेकडो वेळा होतो आणि तोच आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. पुष्कळ गाड्यांवर असे दोन हॉर्न असतात, एक खालच्या सुराचा, एक वरच्या. त्यांची कंपनं साधारण ४०० आणि ५०० हर्ट्झच्या आसपास असतात. चारास पाच हे प्रमाण म्हणजे आपला षड्ज आणि शुद्ध गंधार. ज्या गावात उस्ताद अल्लादियाँ खाँसाहेबांनी दरबार गायक म्हणून वर्षानुवर्षं स्वर लावले आणि देवल क्लबात गाणं रुजलं, तिथल्या श्रोत्याला ही ओळख पटवून द्यायला नको. जोडीतला एक हॉर्न मेला की आवाज नुसता लहान होत नाही, पोकळ होतो, गंधार हरवतो. गाडीचा आवाज ‘काहीतरी वेगळा येतोय’ अशी तक्रार मालकानं केली तर आधी दोन्ही हॉर्न एकेक करून वाजवून पाहावेत.

डबा एकदाच ‘टक’ करून गप्प बसत असेल, तर पडदा ओढला जातोय पण पॉइंट उघडत नाहीत, किंवा पडदा गंजून जाम झालाय. मागच्या बाजूचा छोटा स्क्रू पाव फेऱ्यानं इकडेतिकडे फिरवून सूर परत आणता येतो. प्रत्येक वेळी अगदी थोडंच फिरवावं आणि करंट किती ओढला जातोय ते अॅमीटरवर पाहावं. साधारण तीन ते पाच अँपियर एका चकती-हॉर्नला पुरतात. समोर मधोमध मोठा नट असतो, त्याला हात लावू नये. तो पडद्याचं आणि चुंबकाचं अंतर धरून ठेवतो. आणखी एक साधी गोष्ट पुष्कळदा चुकते. हॉर्न ज्या पातळ पोलादी पट्ट्यांवर टांगलेला असतो त्या मुद्दाम लवचीक ठेवलेल्या असतात. रंगकामानंतर कुणी हॉर्न थेट बॉडीला आवळून बसवला तर पडद्याचं कंपन बॉडीत जिरतं आणि चांगला हॉर्नही बेसूर वाजतो.

कोल्हापुरात हॉर्नचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पंचगंगेचं पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. नदीकाठच्या वस्त्यांतली वाहनं दिवसेंदिवस पाण्यात राहिली. हॉर्न जाळीच्या मागं खाली बसवलेला असल्यामुळे पाण्यात सगळ्यात आधी बुडणाऱ्या भागांत तो असतो. पूर ओसरल्यावर इंजिन, ब्रेक, गाद्या यांच्याकडे लक्ष जातं, हॉर्न राहून जातो. आत शिरलेला गाळ वाळून पडद्याला धरतो आणि पॉइंट हिरवे पडतात. भोंग्याच्या आकाराचा हॉर्न असेल तर त्याचं तोंड खाली झुकलेलं हवं. वर तोंड करून बसवलेला हॉर्न साध्या पावसातही भरतो.

हॉर्न वाजतो पण केविलवाणा वाजतो, तेव्हा दोष बहुधा जोडणीत असतो. दोन हॉर्न मिळून आठ अँपियर ओढणारे असले आणि वाटेत एखाद्या गंजलेल्या टोकाचा अडथळा फक्त अर्धा ओहम असला, तरी तिथंच तीन-एक व्होल्ट खर्ची पडतात आणि हॉर्नच्या वाट्याला नऊच उरतात. रिले नसलेल्या गाडीत हे आठ अँपियर स्टिअरिंगमधल्या चिमुकल्या ब्रशमधून जातात आणि दर वेळी ठिणगी पडून रिंग काळी होत जाते. अशा गाडीला रिले जोडणं ही जुन्या गाडीत करण्यासारखी अगदी मोजकी, पण शहाणी सुधारणा आहे. मूळ रूप बदलत नाही आणि रिंगवरचा भार अर्ध्या अँपियरच्याही खाली येतो.

याच्या उलट दोष म्हणजे हॉर्न आपोआप वाजणं. एप्रिलच्या भर दुपारी उन्हात उभी असलेली गाडी अचानक ओरडू लागते आणि गल्ली गोळा होते. बटनाखालच्या स्प्रिंगांच्या मध्ये इन्सुलेशनचे छोटे वॉशर असतात. ते उन्हानं चिरले किंवा कुणी स्क्रू जास्त आवळला की रिंग शाफ्टला टेकून राहते. जुन्या गाड्यांत हॉर्नला बहुधा चावीशिवाय वीज असते, त्यामुळे चावी काढूनही तो थांबत नाही. हॉर्नचा फ्यूज काढावा किंवा हॉर्नवरची वायर ओढावी, म्हणजे शांतपणे विचार करायला वेळ मिळतो.

आता घाटात मुका होणाऱ्या हॉर्नकडे. सगळ्या तपासण्यांत फ्यूज, वायरी, हॉर्न ठीक निघाले, तर गाडी उभी असतानाच चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत हॉर्न दाबून धरायचा. शेजारच्यांना आधी सांगून ठेवावं, किंवा हॉर्नच्या जागी टेस्ट लॅम्प जोडून तो बोनेटवर दिसेल असा ठेवावा. आवाज किंवा उजेड कुठे तुटतो ते पाहायचं आणि चाकावर त्या जागी खडूनं खूण करायची. ही पाच मिनिटांची तपासणी महिनोन्‌महिने न सापडलेला दोष दाखवून देते. खुणा काय सांगतात तेही वाचता येतं. गाडीच्या आयुष्यातला बहुतेक काळ चाक जवळपास सरळ असतं, म्हणून रिंगचा तेवढाच भाग ब्रशनं घासून लखलखीत राहतो आणि उरलेल्या भागावर काळपट थर चढतो. अशी रिंग सरळ असताना बोलते, वळणावर गप्प होते. याच्या उलट, सरळ जागेवर ब्रशनं खोल चर पाडला असेल तर हॉर्न सरळ असताना बंद आणि वळवल्यावर सुरू. कुठल्याही खुणेशी मेळ न लागता आवाज येत-जात असेल, तर ब्रशची स्प्रिंग मेलेली असते किंवा कॉलमचा वरचा बुश झिजून चाक डुगडुगत असतं. रबरी चकतीच्या गाडीत आणखी एक पाहणी करावी: चाकाच्या मधल्या नटापासून बॉडीपर्यंत एक वायर धरून हॉर्न दाबावा. वाजला, तर चाक निर्दोष आहे आणि चकतीवरचा पूल तुटलाय.

चाक काढायचंच ठरलं तर बॅटरीचं टोक आधी सोडवावं. हे सगळं एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीपुरतं आहे. एअरबॅग असलेल्या गाडीच्या चाकात स्फोटक भरलेलं असतं आणि रिंगच्या जागी गुंडाळलेल्या चपट्या केबलचं ‘क्लॉक स्प्रिंग’ असतं, तिथं घरचे प्रयोग जिवावर बेततात. जुन्या गाडीत मधलं झाकण उचकटून किंवा मागचे स्क्रू काढून सुटतं. नट ढिला करण्याआधी चाक आणि शाफ्ट या दोघांवर रेघ मारून ठेवावी, नाहीतर बसवताना चाक एक दाता इकडेतिकडे होतं आणि गाडी सरळ जाताना चाक तिरकं दिसतं. नट पूर्ण काढू नये, दोन आट्यांवर राहू द्यावा. अडकलेलं चाक ओढताना एकदम सुटलं तर ते थेट तोंडावर येतं, नट त्याला थोपवतो. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारणं वर्ज्य. पुलर लावावा, नसेल तर भाड्यानं आणावा.

चाक हातात आल्यावर पुष्कळदा खरी गंमत दिसते. रिंगवर ग्रीसचा जाड थर असतो. कधीतरी कुणीतरी चाक करकरतं म्हणून सढळ हातानं ग्रीस भरलेलं असतं, त्यात ब्रशची पूड आणि धूळ मिसळून काळी पेस्ट होते. ती पेट्रोलच्या फडक्यानं पुसायची, रिंग बारीक पॉलिश पेपरनं एकाच दिशेनं घासायची, पूड पुन्हा पुसायची आणि व्हॅसलिनचा दिसेल न दिसेल एवढाच हात फिरवायचा. खरखरीत एमरी कागद वापरला तर रिंगवर ओरखडे पडतात आणि नवा ब्रश चार महिन्यांत संपतो.

ब्रश झिजलेला असेल तर प्रश्न सुट्या भागाचा. ‘अॅम्बेसेडर’चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, ‘पद्मिनी’चं या शतकाच्या सुरुवातीलाच. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जिवावर चालणारी सुट्या भागांची दुकानंही विरळ झाली. अशा वेळी उद्यमनगरातला टर्नर कामाला येतो. दुसऱ्या एखाद्या मोटरचा कार्बन ब्रश कानशीनं घासून मापात आणता येतो. पिन पितळी सळईतून लेथवर निघते. चर पडलेली रिंग फेस करून सपाट होते, फारच पातळ झाली असेल तर नवी कातून वीज अडवणाऱ्या हायलमच्या चकतीवर बसवता येते. एक पथ्य पाळावं: पिन रिंगपेक्षा मऊ हवी. झिजायचंच तर दहा मिनिटांत बदलता येणारी पिन झिजावी, रिंग नव्हे.

जुनी गाडी नीट करताना मालकाला मोठा, अनेक सुरांचा हॉर्न बसवण्याचा मोह होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे आणि अति कर्कश हॉर्न मना करतो. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा सापडला तर २,००० रुपये दंड आहे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळते. तिचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. तशा गाडीवर मूळ जोडीचा हॉर्नच शोभतो. षड्ज-गंधाराची जोडी घाटात पुरेशी लांब ऐकू जाते.

चाक परत बसलं, रेघ रेघेला जुळली, नट आवळला, बॅटरी जोडली की शेवटची तपासणी उभ्या गाडीतच करायची. चाक पूर्ण डावीकडे फिरवून हॉर्न, पाव फेरा आणून हॉर्न, सरळ आणून हॉर्न, मग उजवीकडच्या टोकापर्यंत तसंच. इंजिन सुरू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा. मग गाडी खडबडीत रस्त्यावर नेऊन, चाकाला धक्के बसत असताना पुन्हा. एवढं झाल्यावर खडूची खूण पुसून टाकायला हरकत नाही, आणि गगनबावड्याचा रस्ता धरायलाही.